आधी आधण, मग दूध : मुंबईच्या ओट्यावरचे चहा, कॉफी आणि त्यांचे गोड पदार्थ

पाणी, दूध, साखर, पूड आणि आलं एकाच पातेल्यात एकदम चढवून गॅस मोठा करायचा, ही बहुतेक घरांची चहाची पद्धत. सकाळी लोकल गाठायची असते तेव्हा ती सोयीची वाटते. पण चहा आणि कॉफी या दोन्हींचा अर्क पाण्यात जसा उतरतो तसा दुधात उतरत नाही. दुधात तो सावकाश उतरतो, आणि जो उतरतो त्यातली तुरट द्रव्यं दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. मग चव येईना म्हणून आपण पूड वाढवतो, आणखी उकळतो, आणि कपात तरतरीऐवजी कडवटपणा येतो.

उपाय सोपा आहे. अर्क आधी पाण्यात काढायचा आणि दूध नंतर घालायचं. खाली दिलेली पेयं आणि गोड पदार्थ याच नियमावर उभे आहेत. अपवाद दोनच. नानकटाईत पाण्याचं काम तूप करतं, आणि श्रीखंडात पाणी चालतच नाही.

मापं आधी ठरवून घेऊ. कप म्हणजे १५० मिली, चहाचा चमचा ५ मिलीचा आणि पोह्याचा चमचा १५ मिलीचा. नुसतं ‘चमचा’ म्हटलं की तो चहाचा समजायचा. सगळं गॅस, कुकर, कढई आणि फ्रीज एवढ्यावर होतं. ओव्हन असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही.

पाणी, दूध, पूड

तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून येणारं पालिकेचं पाणी मऊ आहे, आणि मुंबईच्या चहाचं अर्धं श्रेय त्या पाण्याला जातं. ज्या इमारतींत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे कोऱ्या चहावर तेलकट दिसणारी पातळ साय धरते. ती पाण्यातल्या क्षारांमुळे येते, पुडीत काही खोट नसते. अशा घरात चहा-कॉफीपुरतं तरी पिण्याच्या नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. रात्रभर भांड्यात राहिलेलं किंवा एकदा उकळून गार झालेलं पाणी टाळा, ताजं घ्या.

दुधाच्या पिशवीवर काय छापलंय ते वाचण्यासारखं असतं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि टोन्डमध्ये ३. रोजच्या चहाला टोन्ड पुरतं. फुल क्रीमने चहा जड होतो, आल्याची धार बोथट होते. कॉफीला मात्र फुल क्रीमच हवं, आणि कस्टर्ड-कुल्फीला तर दुसरा पर्यायच नाही.

चहाचे दोन डबे ठेवावेत. एक दाणेदार सीटीसीचा. पान चिरडून, फाडून, गोळी वळवण्याची ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि आपला दुधाचा चहा तिच्यावरच पोसला गेला. हे दाणे दोन-तीन मिनिटांत रंग आणि कडकपणा देतात. दुसरा छोटा डबा अख्ख्या पानाच्या चहाचा, निलगिरीचा किंवा दार्जिलिंगचा, थंड चहासाठी आणि नानकटाईसाठी. दुधाच्या चहात हा महागाचा चहा घालू नका. त्याचा सुगंध दुधाखाली दबून जातो, पैसे वाया जातात.

रोजचा चहा, दोन कप

पातेल्यात २०० मिली पाणी घ्या. अर्धा इंच आलं खलबत्त्यात ठेचा. किसलं तरी चालतं, पण ठेचलेल्या आल्याचा रस मोकळा सुटतो आणि गाळणीत चोथाही कमी अडकतो. आलं थंड पाण्यातच टाका आणि आधण चढवा. पाण्याला उकळी आली की गवती चहाची दोन पानं गाठ मारून सोडा आणि गॅस मध्यम करून दोन मिनिटं उकळू द्या. आता साखर आणि चहापूड, प्रत्येकी दोन सपाट चमचे. आणखी दोन मिनिटं. पाण्याचा रंग गडद तांबूस झाला की दुसऱ्या शेगडीवर तापवलेलं १३० मिली दूध घाला. एक उकळी वर येऊ द्या, गॅस बारीक करा, दीड-दोन मिनिटांनी बंद करा. वेलदोडा घालायचा असेल तर तो आता, ठेचून. झाकण ठेवून मिनिटभर थांबा आणि गाळा.

दूध गरमच का? फ्रीजमधलं दूध घातलं की पातेलं एकदम गार होतं आणि पुन्हा उकळी येईपर्यंत पूड आत शिजत राहते. तेवढ्या वेळात तुरटपणा वाढतो.

आलं आधी का, याचं कारण त्याहून महत्त्वाचं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक पाचकद्रव्य असतं. ते दुधात गेलं की दूध फाटतं, विशेषतः उन्हाळ्यात, पिशवी ओट्यावर थोडी जास्त वेळ राहिली असेल तेव्हा. पाण्यात दोन मिनिटं उकळलं की त्याचा जोर संपतो. ‘आलं घातलं की आमचा चहा फाटतो’ अशी तक्रार असलेल्या घरांनी दूध बदलण्याआधी एवढा क्रम बदलून पाहावा.

गवती चहा दादरच्या भाजी बाजारात जुडीने मिळतो, आणि खिडकीतल्या कुंडीतही तो सहज वाढतो. मुळाकडचा पांढरा भाग टाकू नका, सुगंध तिथेही भरपूर असतो. पारशी घरांत याच गवती चहाच्या जोडीला पुदिना घालतात. चार-पाच पानं, तीही दूध घालण्याच्या अगदी आधी. पावसाळ्यातल्या संध्याकाळी मला आल्याच्या चहापेक्षा तो जास्त आवडतो.

गुळाच्या चहाचं गणित वेगळं आहे. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटू शकतं. म्हणून कोरा चहा आलं-वेलदोड्यासकट नेहमीपेक्षा कडक करून घ्या, गॅस बंद करा, त्यात दोन पोह्याचे चमचे चिरलेला गूळ विरघळवून गाळा. दूध वेगळं तापवा, दोन मिनिटं निवू द्या, मग कपात एकत्र करा. एकत्र केलेला चहा पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही. पार्ले असो की परळ, गुळाचा चहा बिघडतो तो बहुधा या दुसऱ्या तापवण्यातच.

इराण्याकडच्या ‘पानी कम’ चहासाठी पाणी १०० मिली आणि दूध २५० मिली घ्या, पूड अडीच चमचे. पाणी कमी असल्यामुळे पूड त्यात चार मिनिटं मंद आचेवर ठेवावी लागते, नाहीतर नुसतं तांबूस दूध प्यायला मिळेल. हा चहा दाट आणि गोडसर असतो, ग्लासात अर्धाच ओतावा. सोबत कडक कवचाचा ब्रून पाव, मध्ये कापून, घसघशीत मस्का लावून. लोणी तासभर आधी बाहेर काढून ठेवा. थंडगार लोणी लावायला गेलं की पावाचा चुरा होतो.

चहाचा मसाला घरचाच करा. २० ग्रॅम सुंठ, १५ ग्रॅम वेलदोडे, ५ ग्रॅम मिरे, ५ ग्रॅम दालचिनी, सहा-सात लवंगा. न भाजता दळून चाळा. दोन कपांना चिमूटभर पुरे. मसाला आणि ओलं आलं दोन्ही एकदम घालू नये.

फिल्टर कॉफी

माटुंगा पूर्वेला उतरून बाजाराच्या दिशेने चालायला लागलं की भाजलेल्या कॉफीचा वास येतो. तिथल्या जुन्या दुकानांत बिया भाजलेल्या असतात आणि समोर दळून देतात. काउंटरवर विचारतात ते दोनच प्रश्न : बी कोणती आणि चिकोरी किती?

बियांमध्ये ‘प्लांटेशन ए’ आणि ‘पीबेरी’ ही नावं ऐकू येतील. प्लांटेशन म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. पहिल्यांदा घेताना दोन्ही निम्मी-निम्मी घ्या. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळलेलं. गुजरात आणि उत्तर प्रदेशात ते पिकतं. त्यात कॅफिन नसतं, पण रंग, दाटपणा आणि थोडा कडवट गोडवा ते देतं. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. बऱ्याच तयार पाकिटांत चिकोरी जवळजवळ निम्मी असते हे त्या छापलेल्या आकड्यावरूनच कळतं. दुधाच्या कॉफीला ८०-२० सांगा, फार तर ७०-३०. थंड कॉफीसाठी चिकोरीशिवाय, तीही जाड दळून.

एका वेळी १०० ग्रॅमच घ्या. आपल्या दमट हवेत दळलेली कॉफी आठ-दहा दिवसांत मंद होते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. थंड डबा उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पुडीला पाणी सुटतं.

आता कृती. दोन मोठे किंवा तीन लहान कप होतील.

१. फिल्टरचे दोन्ही भाग, वरचं भोकांचं भांडं आणि खालचं अर्क साठवायचं, पूर्ण कोरडे करून घ्या. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पूड घाला, म्हणजे पोह्याचे तीन शिगोशीग चमचे.

२. छत्रीसारखी चकती पुडीवर ठेवून अलगद दाबा. जोर दिला तर पाणी उतरणार नाही, अजिबात दाबलं नाही तर भरभर उतरून पांचट येईल. पूड सपाट झाली की हात उचला.

३. पाण्याला खळखळून उकळी आणा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी दोन चमचे पाणी गोल फिरवून शिंपडा. पूड फुगते. मग उरलेलं, एकूण १५० मिली, हळूहळू ओता.

४. झाकण ठेवा आणि वीस मिनिटं त्याला हात लावू नका. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी पिते, त्यामुळे खाली १०० मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, मिळेल. तेवढंच मिळायला हवं.

५. दूध उकळा, वर आलं की लगेच उतरवा. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध. साखर आधी कपात, त्यावर डिकॉक्शन, त्यावर दूध. दवरा-टंबलर, म्हणजे कॉफीची वाटी-पेल्याची जोडी, असेल तर हातभर उंचीवरून दोन-तीनदा खालीवर करा. फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते.

डिकॉक्शन कधीही उकळायचं नाही. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, दूध पुरेसं कढत असेल तर त्याचीही गरज नाही. थेंब पडायचे थांबले तर वरच्या भांड्यावर बोटाने टकटक करा. नेहमीच असं होत असेल तर भोकं बुजली आहेत. रिकामं, कोरडं वरचं भांडं सांडशीत धरून गॅसच्या ज्वाळेवर मिनिटभर फिरवा. अडकलेली पूड जळून जाते, मग घासून घ्या. पितळी फिल्टर हवा असेल तर भुलेश्वरजवळच्या तांबाकाट्याला भांड्यांची दुकानं पाहावीत, पण रोजच्या वापराला स्टीलचाच बरा.

रात्री फिल्टर लावून ठेवला की सकाळी डिकॉक्शन तयार असतं. त्याच पुडीवर १०० मिली पाणी ओतून दुसरं डिकॉक्शन निघतं, ते पातळ असतं. कपात ते घालण्यापेक्षा खाली दिलेल्या कस्टर्डच्या कॅरॅमलमध्ये वापरा.

जायफळाची कॉफी

मराठी घरात कॉफी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ही कॉफी. लग्नघरातली संध्याकाळ, मंगळागौरीचं जागरण, रात्रीचं भजन, आणि पाहुणे उठायला लागले की आतून येणारा ‘कॉफी टाकलीय, बसा’ हा आवाज. फिल्टर कॉफीच्या चाहत्यांना ही दुधाळ वाटते. तिला त्या मापाने मोजणं मला पटत नाही, तिचं काम वेगळं आहे. ती रात्रीची, सावकाश पिण्याची कॉफी आहे.

दोन कपांना ३०० मिली फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि पाच-सहा मिनिटं ढवळत आटवा, ते किंचित दाट व्हायला हवं. तोवर सहाणेवर चमचाभर दूध घेऊन जायफळ आठ-दहा वेळा उगाळा. सहाण नसेल तर बारीक किसणीवर चिमूटभर किसा. तयार पूड मात्र वापरू नका, जायफळाचं तेल दळल्यावर पटकन उडून जातं. दीड-दोन चमचे इन्स्टंट कॉफी आणि तेवढीच साखर दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून घ्या. इथेही आधी पाणीच. दुधावर कोरडी पूड टाकली की सायीला गाठी धरतात. दूध उतरवा, कॉफी घाला, शेवटी जायफळ. वेलदोडा नको, एक सुगंध पुरे.

जायफळ चिमटीतच ठेवा. ते गुंगी आणतं, आणि एक-दोन चमचे पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम इथवर त्रास होऊ शकतो. लहान मुलांच्या कपात अजिबात घालू नका.

फेटलेली कॉफी सगळ्यांना येते, म्हणून एकच सांगते : दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि दोनच चमचे गरम पाणी. साखर कमी केली तर फेस टिकत नाही, कारण पाकाचा दाटपणाच बुडबुड्यांना आधार देतो. फिल्टरची पूड अशी फेटली जात नाही, ती पाण्यात विरघळतच नाही.

एप्रिल-मेसाठी थंड

थंड कॉफी म्हणजे गरम कॉफीत बर्फ, असं केलं की पातळ आणि आंबट लागते. त्याऐवजी ६० ग्रॅम जाड दळलेली, चिकोरीशिवायची कॉफी ५०० मिली थंड पाण्यात घाला, ढवळा, झाका आणि चौदा-पंधरा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका, मुंबईच्या मे महिन्यात ते बरं नाही. मलमलच्या कापडातून गाळा, पिळू नका. जवळजवळ ४०० मिली अर्क मिळतो आणि बाटलीत आठवडाभर टिकतो. उकळतं पाणी लागलेलं नसल्यामुळे त्यात कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी असतात.

या अर्काची सगळ्यात चांगली जोडी म्हणजे शहाळं. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडून पातळ मलईचं घ्या, पाणी फ्रीजमध्ये गार करा, तीन भाग पाण्याला एक भाग अर्क. साखर लागत नाही. शहाळ्याचं पाणी त्याच दिवशी संपवा.

दुधाची कोल्ड कॉफी करायची असेल तर अर्काचे बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून ठेवा. साध्या बर्फाऐवजी हे खडे मिक्सरमध्ये फिरवले की ती शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही.

थंड चहा करताना तो गढूळ होतो, ही नेहमीची अडचण. चहातली तुरट द्रव्यं आणि कॅफिन थंडाव्यात एकमेकांना धरतात, त्यामुळे तसं होतं. सीटीसीत हे हमखास होतं, निलगिरीच्या पानाचा चहा मात्र सहसा नितळ राहतो. पोह्याचे दोन चमचे पान एक लिटर थंड पाण्यात घालून आठ तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गाळा. एका ग्लासाला दोन पोह्याचे चमचे गोड कोकम सरबताचा अर्क, चिमूटभर सैंधव, वरून हा चहा आणि बर्फ. चहाचा तुरटपणा आणि कोकमाचा आंबटपणा एकमेकांना इतके धरून असतात की लिंबाची आठवण येत नाही. जिरं घालू नका, मग ते नुसतं सरबत होईल.

कुकरमधलं कॉफी कस्टर्ड

बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, तिथल्या बेरी पुलावानंतर कॅरॅमल कस्टर्ड मागवायची अनेकांची रीत आहे. तेच कस्टर्ड, पण कॉफीचं, घरच्या कुकरमध्ये.

एक लिटरचा स्टीलचा डबा घ्या. त्यात पाच पोह्याचे चमचे साखर मंद गॅसवर, सांडशीत धरून, न ढवळता नुसती हलवत वितळवा. रंग गडद मधासारखा झाला की उतरवून दोन चमचे दुसरं डिकॉक्शन घाला. ते जोरात तडतडतं, तोंड लांब ठेवा. डबा फिरवून तळ झाकून घ्या आणि गार होऊ द्या. कॅरॅमल घट्ट होईल, काळजी नको.

४५० मिली फुल क्रीम दूध ९० ग्रॅम साखरेबरोबर कोमट करा. बोट सुखाने बुडवता येईल इतकंच कोमट, त्यापेक्षा गरम झालं तर अंड्याच्या गुठळ्या होतील. चार अंडी काट्याने हलक्या हाताने मोडा. फेस आणू नका, फेसाची नंतर भोकं होतात. त्यात दूध, ५० मिली पहिलं दाट डिकॉक्शन आणि किंचित मीठ घालून दोनदा गाळा आणि डब्यात ओता.

कुकरच्या तळाशी दुमडलेलं फडकं ठेवा, त्यावर डबा, डब्याच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी. डब्याला फॉइल घट्ट लावा, नाहीतर झाकणावरचे थेंब कस्टर्डवर पडून खड्डे करतात. कुकरची शिट्टी काढून झाकण लावा. वाफ यायला लागली की गॅस अगदी बारीक करून २५ ते ३० मिनिटं. कडा घट्ट आणि मध्यभाग थरथरता दिसला की झालं. गार करून किमान चार तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये. कडेने सुरी फिरवून ताटलीत उलटं करा.

गुरुवार-चतुर्थीला किंवा अंडं न खाणाऱ्यांसाठी : २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २०० ग्रॅम चक्का, २०० मिली दूध, एक पोह्याचा चमचा कॉर्नफ्लोअर आणि दोन चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी. एकत्र घोटून तसंच वाफवा. पोत खव्याकडे झुकतो, पण चव उत्तम.

कॉफीचं श्रीखंड

डिकॉक्शन घालून केलेलं श्रीखंड वाहतं, पाणी इथे शत्रू आहे. म्हणून इन्स्टंट कॉफीच घ्या. अर्धा किलो चक्क्याला ३०० ग्रॅम पिठीसाखर. घरी चक्का बांधणार असाल तर दही पंचात बांधून ओट्यावर टांगू नका, चाळणीत ठेवून फ्रीजमध्येच निथळू द्या. बाहेरच्या उकाड्यात ते रात्रीत आंबतं. दोन चहाचे चमचे कॉफी एक पोह्याचा चमचा गरम दुधात विरघळवून गार करा. चक्का आणि साखर एकत्र करून पुरणयंत्रातून काढा, मग कॉफी, किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ. साखरेला पाणी सुटतं, म्हणून आधी ते सैल दिसेल. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की बसतं. वाढताना वर कुरकुरीत खारीचा चुरा. पावसाळ्यात खारी मऊ पडली असेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकून पाच मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या, कुरकुरीतपणा गार झाल्यावरच येतो.

चहाची नानकटाई

११५ ग्रॅम तूप अगदी मंद आचेवर पातळ करून त्यात एक पोह्याचा चमचा दार्जिलिंगचं पान टाका. पाच मिनिटं मंद, मग बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. चहाच्या सुगंधाचा मोठा भाग तुपात छान उतरतो, तुरटपणा मात्र मागे राहतो. गाळा आणि फ्रीजमध्ये ठेवून लोण्यासारखं मऊ घट्ट करा. पातळ तुपाने केलेली नानकटाई पसरते.

या तुपात ७५ ग्रॅम पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसा. त्यात १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि तितकंच बारीक दळून चाळलेलं चहाचं पान. मळू नका, गोळा होईल इतकंच एकत्र करा. लिंबाएवढे गोळे दाबून ताटलीत अंतर ठेवून मांडा आणि पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये.

जाड लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या कढईत स्टँड ठेवून, झाकून, दहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक कढई रिकामी तापवायची नसते. ताटली ठेवून मंद-मध्यम आचेवर १८ ते २० मिनिटं. ओव्हन असेल तर १६५ अंशांवर १५ मिनिटं. बाहेर काढताना मऊच असतात. हात न लावता गार होऊ द्या.

गवती चहाची कुल्फी

एक लिटर फुल क्रीम दूध कडा खरवडत निम्म्याच्या थोडं वरपर्यंत आटवा. पाऊण तास लागतो. ९० ग्रॅम साखर आणि दोन पोह्याचे चमचे दूध पावडर घालून उतरवा. ही पावडर सुटं पाणी बांधून ठेवते, नाहीतर कुल्फीत बर्फाचे कण लागतात. त्याच कारणाने चहाचा अर्कही थोडाच हवा : १२० मिली पाण्यात गवती चहाची सहा पानं कापून पाच मिनिटं उकळा, तीन चमचे सीटीसी घालून आणखी तीन मिनिटं, आणि गाळून ६० मिलीपर्यंत आणा. दूध कोमट झाल्यावरच हा अर्क घाला.

साचे भरून आठ तास फ्रीजरमध्ये. काढताना साचा नळाखाली दहा सेकंद फिरवा आणि लगेच वाढा. फ्रीजरमध्ये कुल्फी महिनाभर टिकते, पण दोन आठवड्यांनंतर गवती चहाचा वास उतरतो आणि नुसता तुरटपणा उरतो, म्हणून एका वेळी आठ साच्यांपुरतीच करावी.